ट्रॅम्पोलिन वर्गाची गाणी : कर्वेनगरमधल्या कामाच्या नोंदी

२ जून २०२५, सोमवार

ट्रॅम्पोलिनवरच्या व्यायामाचा वर्ग मी घेते, त्याच्या या नोंदी. हॉल सोसायटीचा, पहिल्या मजल्यावर. वेळ सकाळी साडेसहा ते सव्वासात. ट्रॅम्पोलिन बारा, सगळे चाळीस इंची. त्यातले आठ स्प्रिंगचे, चार बंजीचे, म्हणजे ताणणाऱ्या रबरी दोरीचे. बंद पडलेल्या एका स्टुडिओकडून सेकंडहँड घेतले म्हणून ही खिचडी. येणाऱ्या बहुतेक बायका, पस्तिशी ते साठीतल्या. पुरुष दोन, दोघेही आयटीतले, दोघेही मागच्या रांगेत.

झुंबाच्या वर्गाला लावायचे तीच यादी लावली. १२८ ते १४० बीपीएम (म्हणजे मिनिटाला ठोके), हिंदी-मराठी नाचाची गाणी, मध्ये एखादं पंजाबी. जमिनीवर ही यादी छान चालायची. इथे पहिल्याच गाण्यात वर्ग विस्कटला. पुढच्या रांगेतली सडपातळ मुलगी तालात, तिच्या शेजारच्या काकू अर्धा ठोका मागे, आणि बंजीवरचे चौघे वेगळ्याच गाण्यावर असल्यासारखे. "ताई, आवाज वाढवा, ठेका कळत नाही" म्हणून आवाज वाढवला. काही फरक नाही. ठेका कळत होता, पाय वेळेवर खाली येत नव्हते.

४ जून, बुधवार

गाणं बंद ठेवलं. सगळ्यांना सांगितलं, पाय मॅटवरून न सोडता, जोर न लावता, अंगाला बरं वाटेल तसं डुला. पंधरा सेकंदांत किती वेळा खाली गेल्या ते मोजायचं आणि चारने गुणायचं. हे एकेकीचं करावं लागतं, सगळ्या एकदम डुलायला लागल्या की नकळत एकमेकींची नक्कल होते.

सगळ्यात हळू १०४, सगळ्यात जलद १४०. एकाच हॉलमध्ये, एकाच वेळी. १०४ वाला बंजीवर, वजन ७८ किलो. १४० वाली स्प्रिंगवर, ५२ किलो. या दोघांना एकाच गाण्यावर नाचवायला निघाले होते मी.

७ जून, शनिवार

भाचा अभियांत्रिकीला आहे, मेकॅनिकलला. त्याला आकडे दाखवले. त्याने विचारलं, "मावशी, नुसतं उभं राहिल्यावर मॅट किती खचते?" ते मी मोजलंच नव्हतं.

मोजायची पद्धत अशी: ट्रॅम्पोलिनच्या गोल चौकटीला आरपार सुतळी ताणून बांधायची, सुतळी दोन पायांच्या मधून जाईल असं उभं राहायचं, आणि दुसऱ्याने सुतळीपासून मॅटपर्यंत शाळेची पट्टी धरायची. हलायचं नाही. आलेल्या सेंटिमीटरचं वर्गमूळ काढायचं आणि ३०० ला त्याने भागायचं. येईल तो साधारण त्या माणसाचा, त्या ट्रॅम्पोलिनवरचा बीपीएम. ५ सेंटिमीटर खचली तर १३४, ६ ला १२२, ७ ला ११३, ९ ला १००. प्रत्यक्षात तीन-चारने जास्त येतो, कारण मॅट जितकी खाली जाते तितकी ताठ होत जाते. हे फक्त पाय मॅटवर असेपर्यंत. पाय सुटले की हिशेब बदलतो.

मग खरा फायदा झाला तो इथे:

५२ किलो, स्प्रिंग: ४.८ सेंमी
७८ किलो, स्प्रिंग: ६.५ सेंमी
५२ किलो, बंजी: ६.५ सेंमी
७८ किलो, बंजी: ९ सेंमी

मधल्या दोन ओळी बघा. जड माणूस स्प्रिंगवर आणि हलका बंजीवर ठेवला तर दोघांची लय एकच येते. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. बंजी मऊ असते, गुडघ्यांना बरी, म्हणून वजनदार लोकांनी आपण होऊन बंजी धरली होती. अदलाबदल करताना थोडी कुरकुर झाली ("माझा कोपरा गेला"), पण त्यानंतर बारापैकी दहा जण ११८ ते १२६ मध्ये आले. वर्गाची लय ठरली १२२ ते १२४. यादीतलं एकही गाणं अजून बदललेलं नव्हतं.

ज्यांना मऊपणा गुडघ्यांसाठीच हवा होता अशा एका काकू बंजीवरच राहिल्या. त्यांना दर दुसऱ्या ठोक्याला खाली यायला सांगितलंय, मधल्या ठोक्याला त्या फक्त हात हलवतात. चालतंय.

११ जून, बुधवार

शेवटची पाच मिनिटं अंग सैल करायला ८८ बीपीएमचं एक संथ गाणं लावलं. आजचा सगळ्यात दमवणारा भाग तोच ठरला.

कारण साधं आहे. जमिनीवर गाणं हळू झालं की माणूस हळू पावलं टाकतो. ट्रॅम्पोलिनवर मॅट तुम्हाला तिच्या वेळेला वर फेकते, आणि पुढचा ठोका यायचा असतो उशिरा. मधला वेळ हवेत काढावा लागतो, म्हणजे उंच उडी मारावी लागते. ९० च्या आसपास दर ठोक्याला उडी मारायची तर पाय मॅटपासून वीतभर सुटतात. दमलेल्या साठीच्या बाईने ते करायचं, तेही वर्गाच्या शेवटी! दोघींनी मधेच दांडी धरली. एकीने नंतर बाजूला घेऊन सांगितलं की उंच उडीला लघवीचा थेंब सुटतो. बाळंतपण झालेल्या कितीतरी जणींना हा त्रास असतो आणि वर्गात कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. वर्ग सुरू व्हायच्या आधी बाथरूमला जाऊन यायची आठवण आता मीच सगळ्यांना करते, कोणा एकीला उद्देशून नाही.

तेव्हा संथ गाणं हवं असेल तर ६० ते ६२ चं घ्यायचं आणि एका ठोक्याला दोन झोके. शरीर १२२ वरच राहतं, कानाला मात्र शांत वाटतं. ८५ ते १०० ही पट्टी ट्रॅम्पोलिनसाठी टाकून दिली. त्या पट्टीतली आवडती गाणी जमिनीवर उतरून ताण द्यायच्या वेळी वाजतील.

१६ जून, सोमवार

लय कळली, आता गाणी शोधायची. हे काम सोपं वाटलं होतं.

बीपीएम सांगणारी ॲप्स अर्धी किंवा दुप्पट लय सांगतात: १२४ च्या गाण्याला ६२. ते लक्षात येतं. पण कोळीगीताच्या धाटणीचं सहा मात्रांचं गाणं असलं की ॲप १८६ म्हणतं, कारण ते दोनच्या जागी तीन ठोके मोजतं. अशी गाणी आधी नापास केली होती. मग बोटाने टॅप करून मोजली तर १२४. बोटावर भरवसा ठेवा, ॲपवर नको.

जुनी फिल्मी गाणी मोजताना आकडा स्थिर राहीना. वाद्यवृंद समोर बसून एकत्र वाजवायचा, कानात लय धरून ठेवणारी मशीनची टकटक नसायची, त्यामुळे लय अंतऱ्यात सैलावते आणि शेवटी चढते. ऐकायला तीच तर मजा. मॅटवर तीन-चार बीपीएमचा फरकसुद्धा पोटऱ्यांना कळतो.

दुसरी अडचण बत्तीसची. एक हालचाल आठ काउंट, चार आठ झाले की बत्तीस, तिथे पाय बदलायचा किंवा नवीन हालचाल. गाण्यानेही तिथेच वळण घेतलं तर लोकांना सांगावं लागत नाही. आपल्या गाण्यांत मुखडा बत्तीसात बसतो, मग मधलं संगीत वीसातच संपतं, अंतऱ्याआधी शहनाईचा एक तुकडा येतो ज्यात ताल थांबतोच. ताल थांबला की जमिनीवरचा माणूस पोझ घेऊन उभा राहतो. ट्रॅम्पोलिनवरचा माणूस हवेत असतो.

वही घेऊन बसले आणि गाणी बत्तीसात मोजली. रविवारची दुपार त्यात गेली. हाती लागली ती बहुतेक डीजे रिमिक्स: लय घट्ट, बत्तीस चोख, आणि सगळी एकसारखी. चौथ्या गाण्याला माझंच डोकं भणभणलं.

२१ जून, शनिवार

परवान्याची बाजू आज तपासली, आधीच तपासायला हवी होती. स्ट्रीमिंग ॲपचं वैयक्तिक सदस्यत्व घरात ऐकण्यासाठी असतं. फी घेऊन चालणाऱ्या वर्गात ते वाजवणं त्यांच्या अटींत बसत नाही. शिवाय कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिल्यासाठी आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची संस्था), दुसऱ्यासाठी पीपीएल (ध्वनिमुद्रण कंपन्यांची संस्था) किंवा ज्या कंपनीचं ध्वनिमुद्रण तिचा परवाना.

"जुनी गाणी लाव, ती फुकट असतात" असं तिघांनी सांगितलं. अर्धवट खरं आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे १९६४ पर्यंतच्या ध्वनिमुद्रणांवरचा संपला. पण गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. चाल अजून कोणाची तरी आहेच. आणि लग्नाच्या वरातीला कायद्यात जी सूट आहे ती व्यायामाच्या वर्गाला नाही.

बारा जणांच्या वर्गाचं उत्पन्न बघता डोक्यात दुसरंच आलं. मला लागतं काय? १२४ ची घट्ट लय, बत्तीसला वळण, खाली येताना एक जड ठोका. शब्द नकोतच, मला वरून ओरडून सूचना द्यायच्या असतात. पारंपरिक ठेक्यावर कोणाची मालकी नाही. मग स्वतःच ध्वनिमुद्रण का करू नये?

२६ जून, गुरुवार

मधेच वेगळं प्रकरण. तळमजल्यावरच्या काकू आल्या. मला वाटलं, गाण्यांच्या आवाजाबद्दल बोलतील. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, आणि ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दिवस सकाळी सहाला सुरू होतो, हे सगळं पाठ करून तयार होते. त्या म्हणाल्या, "गाण्यांचं काही नाही गं. माझ्या देवघरातली घंटा आपोआप हलते."

खाली जाऊन पाहिलं. खरंच हलत होती. मी लय जमवल्याचा हा परिणाम. आधी बारा जण बारा वेळांना आपटत होते, आता सगळे एकाच क्षणी खाली येतात आणि स्लॅबला दर सेकंदाला दोन धक्के बसतात. कोरियातल्या सोलमध्ये २०११ साली ३९ मजली इमारत थरथरली, लोक बाहेर पळाले. तपासात कारण निघालं १७ जणांचा व्यायामाचा वर्ग. आमची इमारत तेवढी नाजूक नाही, पण घंटा हलायला नको.

बोहरी आळीतून १२ मिलिमीटर जाडीचं रबर आणून ट्रॅम्पोलिनच्या प्रत्येक पायाखाली तुकडा दिला. खर्च २,३०० रुपये. स्पीकर जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवला, त्याखालीही फोमचा तुकडा. घंटा कमी हलते, पण हलते.

मग निम्म्या लोकांना अर्धा ठोका उशिरा सुरू करायला लावलं. पुढची रांग खाली असेल तेव्हा मागची वर. पहिल्या प्रयत्नात आठ काउंटात सगळे परत एक झाले, कारण मागचे पुढच्यांच्या पाठी बघून उड्या मारतात. रांगा समोरासमोर उभ्या केल्या तेव्हा जमलं: समोरची वर गेली की आपण खाली, सी-सॉसारखं. लोकांना हे इतकं आवडलं की आता तेच मागतात. घंटा जवळजवळ थांबली. मात्र गाण्यात दोन ठोक्यांच्या मधोमध ठळक आवाज असेल तरच मागची रांग टिकते. ध्वनिमुद्रणाच्या यादीत ही एक गरज वाढली.

१२ जुलै, शनिवार

ध्वनिमुद्रण. सिंहगड रस्त्यावरचा छोटा स्टुडिओ, तासाला ८०० रुपये. ढोलकीला एक दादा, हलगीला त्यांचाच मित्र. ताशाही हवा होता, पण ताशेवाले आत्ता मिळत नाहीत. नदीकाठी पथकांचे सराव सुरू झालेत, गणपतीपर्यंत सगळे तिकडे.

पहिला तास हलगीत गेला. जुलैची हवा, चामडं सर्द झालेलं, आवाज पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. एरवी जाळावर शेकतात. स्टुडिओवाल्याने जाळाचं नाव काढू दिलं नाही. शेवटी फोटोवाल्यांचा एक हॅलोजन दिवा होता, त्याच्यासमोर हलगी फिरवत धरली. दर दहा मिनिटांनी पुन्हा. पावसाळ्यात करणार असाल तर हा वेळ भाड्यात धरा, किंवा फायबरच्या पानाची हलगी मागा.

मग लय. दादांना कानात टकटक नको होती. "माझा हात मशीनपेक्षा पक्का आहे." वाजवलं. अप्रतिम वाजवलं. १२२ ला सुरू, चार मिनिटांनी १३१. ते म्हणाले, "लय चढली नाही तर समोरची माणसं उठून जातात." तमाशाच्या बोर्डावर ते बरोबरच आहे. माझी माणसं मात्र १३१ ला खाली पडतात. टकटक लावली तर हात आखडला, वाजवणं कोरडं झालं. तोडगा स्टुडिओवाल्याने काढला: टकटकीऐवजी १२४ ला बांधलेले टाळ कानात सोडले. टाळाबरोबर त्यांचा हात लगेच मोकळा झाला आणि लयही जागची हलली नाही. शेवटच्या मिश्रणात टाळ ठेवलेच, मागच्या रांगेला लागणारा मधला आवाज त्यातूनच मिळाला.

तिसरा घोळ मोजण्याचा. मी आठ काउंट म्हणजे आठ उड्या धरते. केरवा तालाच्या आठ मात्रा दादांनी चार उड्यांत बसवल्या, म्हणजे माझ्या बत्तीस काउंटात त्यांची आठ आवर्तनं. हे समजेपर्यंत तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं) दोनदा सोळाव्या काउंटवर येऊन पडली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. केरवा असा: धा गे ना ती, न क धी ना. उडी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेला खाली येते. यातला घुमारा फक्त पहिल्या आणि सातव्या मात्रेला आहे. म्हणजे चारातल्या मधल्या दोन उड्या पोकळीत पडतात. झुंबाच्या यादीतल्या कित्येक गाण्यांत लोक दुसऱ्या-तिसऱ्या उडीला का चुकायचे ते आत्ता कळलं. दादांना म्हटलं, चारही ठिकाणी धुम्म द्या. ते म्हणाले, "मग ढोलकी कशाला, डीजे लावा." त्यांचंही खरं. शेवटी ढोलकी त्यांच्या मनासारखी वाजवली आणि नुसत्या डाव्या हाताचा धुम्म वेगळा ध्वनिमुद्रित करून खाली घातला, आवाज बेताचा. सहा मात्रांच्या दादरा-धाटणीच्या तुकड्याला याची गरजच पडली नाही. धा धी ना, धा ती ना: पहिली आणि चौथी मात्रा दोन्ही धा, आणि उडी नेमकी तिथेच. कंबर फिरवायच्या आणि बाजूला झुलायच्या हालचालींना यापुढे सहा मात्राच.

बत्तीस संपायच्या आधी आठ काउंटांत तिहाई. ही कल्पना दादांची. "सम आली की बदला, बोलायला कशाला लागतं?"

खर्च: स्टुडिओ चार तास ३,२००, ढोलकी ३,०००, हलगी २,०००, मिश्रण १,५००. एकूण ९,७०० रुपये, चहा-वडापाव सोडून. दोघांकडून साध्या कागदावर लिहून सही घेतली की हे ध्वनिमुद्रण वर्गात वाजवता येईल, आणि मी ते विकणार नाही हेही त्यात लिहिलं. दुसरं वाक्य त्यांनी घालायला लावलं. योग्यच.

२० जुलै, रविवार

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच तुकडे तयार केले. स्वर न बदलता लय कमी-जास्त करता येते, म्हणून एकाच १२४ च्या मुद्रणातून ११८ आणि १३० काढले. ११८ ला ढोलकी चांगली राहिली. ११० करून पाहिलं तर थापेला शेपूट फुटलं, बोटं ओली असल्यासारखा आवाज. सात-आठ टक्क्यांच्या पुढे ओढू नका.

४ ऑगस्ट, सोमवार

दोन आठवडे नवीन यादी चालू आहे. क्रम असा ठरला: ११८, पाय न सोडता; १२२ दादरा, झुलणं आणि कंबर; १२४ केरवा, जॉगिंग आणि समोरासमोरच्या रांगा; १३० एकच तुकडा, अडीच मिनिटं; पुन्हा १२२; मग ६१, एका ठोक्याला दोन झोके. खाली उतरताना पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात आणि तोल जातो, म्हणून उतरण्यासाठी तीस सेकंद ताल नसलेलं नुसतं तंबोऱ्याचं ठेवलंय. ताल चालू असला की लोक घाईने उतरतात.

तिहाईची सवय लागायला आठवडा लागला. आता मी गप्प राहिले तरी समेवर पाय बदलतो. घसा वाचला. कानाला लावायचा माईक १,८०० ला घेतला होता, तो सध्या पिशवीत पडून आहे.

तक्रारी: एक, "गाण्यात शब्द नाहीत, कंटाळा येतो." आयटीवाल्यांपैकी एकाची. शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं शब्दांची गाणी ठेवायची म्हणते, परवान्याची चौकशी त्यासाठी चालू आहे. दोन, १३० चा तुकडा बंजीवरच्या काकूंना अजिबात जमत नाही. त्यांचं खचणं ८ सेंटिमीटर, त्यांची लय ११० च्या आतबाहेर. त्यांच्यासाठी स्प्रिंगवर जाड मऊ कापड टाकून पाहिलं, पाय सरकतो, रद्द. त्या तुकड्यात त्या दांडी धरून ६५ ला चालतात.

जोरकस भागाला ताशा हवाच आहे. ताशेवाल्याशी बोलणं झालंय, विसर्जन झाल्यावर पहिल्या रविवारी. तोवर बंजीच्या चार ट्रॅम्पोलिनच्या दोऱ्या बदलायच्या. दोन ठिकाणी धागे सुटायला लागलेत, आणि नवीन दोऱ्या ताठ असतात, म्हणजे सगळ्यांचं खचणं पुन्हा मोजावं लागणार.